सुताराचं शिलाई मशीन

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे. संपादक मंडळानं दोन ठिकाणी कात्री लावली आहे, ती माझ्या लक्षात आली आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळ पाळेन असं त्यांना वाटलं असावं. पण बँकेतून निवृत्त होऊन मला चौदा वर्षं झाली. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

विषय दिलाय ‘माझा छंद’. आपल्या ३६ घरांपैकी एकाही घराला हा छंद नवीन नाही, कारण प्रत्येकाच्या दारावर तो लटकतो आहे आणि काहींच्या कानांनी तो सोसलाही आहे. तरी नवीन भाडेकरू मंडळींसाठी सांगतो. मीटर रूमशेजारच्या खोलीत मी जे यंत्र चालवतो त्याचं नाव स्क्रोल सॉ. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘सुताराचं शिलाई मशीन’ ठेवलं आणि ते अगदी बरोबर आहे. शिलाई मशीनची सुई जशी वरखाली होते तसं यात दाभणाएवढं बारीक पातं वरखाली होतं. कापड सरकवावं तसं आपण लाकूड सरकवायचं. सुई शिवते, हे कापतं, एवढाच फरक. पातं पाच इंच लांब, आणि रुंदीला इतकं कमी की जागच्या जागी लाकूड फिरवून काटकोनात वळता येतं. साधी करवत सरळ जाते. ही वळणं घेते. म्हणून हिच्यानं जाळी कापता येते, अक्षरं कापता येतात, मोराचा पिसारा कापता येतो.

आता हे वेड लागलं कुठून? मी इंदापूरचा. १९६२-६३ च्या सुमारास शाळेत हस्तव्यवसाय नावाचा तास असायचा. बहुतेक पोरं टकळीवर सूत काढायची. आमच्या मास्तरांकडे मात्र इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी एक हातकरवत होती, तिला ते फ्रेट सॉ म्हणायचे. लाकूड विकत आणायची ऐपत कुणाचीच नव्हती. तेव्हा चहा प्लायवूडच्या खोक्यांतून यायचा. किराणा दुकानातून रिकामं खोकं मागून आणायचं, कडेची पत्र्याची पट्टी उचकटायची, की झाला तीन पदरी प्लाय तयार. माझा पहिला हत्ती चहाचा वास मारायचा. सोंड तुटली होती, म्हणून मास्तरांनी त्याला डुक्कर म्हणून पास केलं.

पुढं बारामतीला टी. सी. कॉलेजात बी. कॉम. केलं, बँकेत चिकटलो, आणि सदतीस वर्षं कागदाशिवाय दुसरं काही कापलं नाही. मध्ये एकदा एलटीसी घेऊन सहकुटुंब सावंतवाडीला गेलो होतो. तिथं चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं बघितली. आंबा, केळी, सीताफळ, अशी की उचलून वास घ्यावा. आमच्या मुलानं तर लाकडी केळं सोलायचा प्रयत्न केला. दुकानाच्या मागच्या बाजूला एक कारागीर रंग देत बसला होता. त्याच्यापाशी मी तासभर उभा राहिलो आणि बायकोची खरेदी होऊन तीच मला शोधत आली. असं आमच्या संसारात एकदाच घडलं आहे.

२०१० साली निवृत्त झालो. पहिले सहा महिने पेपर वाचला, कमिटीत आलो, सर्वांच्या मेंटेनन्सच्या थकबाकीचे तक्ते केले. लोक मला बघून जिना बदलायला लागले. मग मुलानंच पुण्याला बोहरी आळीत नेलं आणि हे मशीन घेऊन दिलं. त्याला वाटलं, बाबा गुंततील. त्याच्या आईला वाटलं, बाबा गॅलरीत जातील. दोघांचंही झालं.

गॅलरीत मात्र फार दिवस टिकलो नाही. मशीनचा आवाज तसा मोठा नाही, पण थरथर स्लॅबमधून खाली जाते हे मला ठाऊक नव्हतं. खालच्या घरात एक आजी आजारी होत्या. दुपारी जरा डोळा लागला की वरून माझी घरघर सुरू. त्यांच्या सूनबाईंनी दोनदा तोंडी सांगितलं, मी ‘हो हो’ म्हणालो आणि खाली जुनं सतरंजीचं घडीकाम घातलं. त्यानं काही होत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कमिटीकडे लेखी तक्रार दिली. गंमत अशी की तेव्हा सेक्रेटरी मीच होतो. स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतः घेतला, आवक नंबर टाकला, शिक्का मारला, पोच दिली आणि पुढच्या सभेत विषय क्रमांक चार म्हणून मांडला. त्या दिवशी मला मनातून राग आला होता, आज कबूल करतो. निवृत्त माणसाला एक विरंगुळा, तोही तुम्हाला बघवत नाही, असं काहीतरी मी सभेत बोललोही. ते इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

सभेनं मला मीटर रूमशेजारची अडगळीची खोली दिली. वेळ सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी चार ते सहा. मशीनखाली रबरी मॅट. आणि विजेचा खर्च सोसायटीवर नको म्हणून मी हिशोब दिला: मोटर १२० वॅटची, रोज तीन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे नऊ युनिट. तेवढे पैसे आजतागायत दरमहा भरतो, पावत्या फाईलला आहेत. त्या आजी पुढं दोन वर्षं होत्या. त्यांच्यासाठी मी जपाची माळ ठेवायला एक जाळीची डबी केली. सूनबाईंनी ती घेतली. आम्ही दोघंही त्या अर्जाविषयी पुन्हा बोललो नाही.

आता दारावरच्या पाट्या. सोसायटीला पंधरा वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं की ३६ घरांना ३६ पाट्या करायच्या, फुकट. इथं मला देवनागरीचा एक मोठा गुण कळला, तो तुमच्याही उपयोगाचा आहे. इंग्रजी नाव लाकडातून कापून काढलं की अक्षरं सुटी होतात, प्रत्येक वेगळं चिकटवत बसा. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. सगळी अक्षरं त्या एका दांडीला धरून लोंबतात, अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. फक्त अनुस्वार तेवढा दगा देतो. शिंदे, लोंढे, पंडित, कुणीही घ्या, तो टिंब वर अधांतरी. पहिल्या ‘शिंदे’चा टिंब भुशात हरवला आणि पाटी ‘शिदे’ झाली. मग मी टिंबाला वेलांटीशी केसाएवढ्या पुलानं जोडायला शिकलो. नीट बघितलंत तर दिसेल.

पण पाट्यांची खरी गोष्ट वेगळीच आहे. मी नावं घेतली शेअर सर्टिफिकेटवरून. बँकेतली सवय, जसं कागदावर तसं. ३६ पैकी ३१ पाट्या फक्त पुरुषांच्या नावाच्या झाल्या. वाटप झालं, टाळ्या झाल्या, चहा झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई पाटी घेऊन खोलीत आल्या. मला वाटलं काही मोडलं. त्या म्हणाल्या, “काका, काम छान झालंय. पण या घराचा हप्ता माझ्या पगारातून फिटला, आणि दारावर मी नाही.” मी म्हणालो, सर्टिफिकेटवर एकच नाव आहे. त्या म्हणाल्या, “म्हणूनच तर म्हणते.” आणि पाटी टेबलावर ठेवून गेल्या.

संध्याकाळी घरी सांगितलं, तर आमच्याकडे जरा वेळ शांतता झाली. मग कळलं की आमच्या स्वतःच्या दारावरही एकच नाव होतं. पुढच्या सात महिन्यांत सगळ्या पाट्या नव्यानं केल्या. काही घरांनी दोन नावं सांगितली, काहींनी फक्त आडनाव, एका घरानं सासूबाईंचं नाव वर हवं म्हणून सांगितलं, आणि दोन घरांनी जुनीच पाटी बरी आहे म्हणून निरोप धाडला. त्या दोन कुठल्या हे मी सांगणार नाही. येता-जाता वाचा.

मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू झाला तो एका नकाशामुळे. जिगसॉ कोडी, तुकडे जुळवून चित्र करायची, तुम्ही सगळ्यांनी खेळली असतील. त्यांची सुरुवात शाळेच्या अभ्यासातून झाली. जॉन स्पिल्सबरी नावाचा लंडनचा नकाशे करणारा होता. त्यानं १७६० च्या दशकात नकाशा लाकडावर चिकटवला आणि देशांच्या सीमारेषांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. मी म्हटलं, आपण युरोप कशाला कापायचा? आपला पुणे जिल्हा आहे की, १४ तालुके. एकेका तालुक्याचा एकेक तुकडा.

पहिला नकाशा मी चांगल्या सागवानी फळीचा केला, जुन्या दाराची होती. मावळ, मुळशी, भोर नीट निघाले. बारामती तर एकदम बेतशीर. गोंधळ इंदापूरनं घातला. इंदापूर तालुका पूर्वेला निमुळता होत जातो, उत्तरेकडून भीमा, दक्षिणेकडून नीरा, आणि दोन्ही नद्या नीरा-नरसिंहपूरला मिळतात तिथं अगदी टोक. नकाशात ते टोक काडीएवढं. पहिल्याच रविवारी एका पोरानं तुकडा दाबला आणि नरसिंहपूर मोडलं. चिकटवलं, पुन्हा मोडलं. तिसऱ्यांदा मोडलं तेव्हा मुलं ओरडली, “आजोबा, नरसिंहपूर गेलं!” आणि आमच्या गावाकडची एक आजी तिथंच उभी होती, तिनं हात जोडले.

मोडायचं कारण साधं आहे. लाकडाला रेशे असतात. रेशांच्या दिशेनं लाकूड दोरीसारखं चिवट, आणि रेशांना आडवं कापलेलं बारीक टोक बिस्किटासारखं. माझ्या फळीत रेशे उत्तर-दक्षिण होते आणि टोक पूर्वेला. दुसरा नकाशा प्लायचा केला. प्लायमध्ये एक पदर उभा, एक आडवा असे चिकटवलेले असतात, त्यामुळे कुठल्याही दिशेचं टोक तग धरतं. तो नकाशा अजून आहे, मागच्या टेबलावर ठेवलाय. फक्त वेल्ह्याचा तुकडा कुणीतरी घरी नेला आहे. त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, तेव्हा जुना परत केला नाही तरी चालेल, नवा करतो.

या वर्गात सगळ्यात चांगला हात कुणाचा होता माहीत आहे? आपल्या त्या वेळच्या वॉचमनच्या मुलीचा. सातवीत होती. लाकूड ढकलायचं नसतं, पात्याला खाऊ द्यायचं असतं, हे मला दोन वर्षांनी कळलं, तिला दुसऱ्या रविवारी कळलं. शिवाय ही पाती थोडी उजवीकडे ओढतात, करण्याच्या पद्धतीमुळे एका कडेला बारीक कोर राहते म्हणून. लाकूड किंचित तिरपं धरूनच सरळ रेघ मिळते. तिला हे सांगावं लागलं नाही, हातानंच तिरपं धरलं. वर्ग फक्त सभासदांच्या मुलांसाठी असावा, असं तेव्हा एक-दोघांनी मला सुचवलं. मी म्हटलं, ठराव आणा. कुणी आणला नाही. ती आता आयटीआयला आहे आणि मला मोबाईलवर जॉब ड्रॉइंगचे फोटो पाठवते.

रोहित पक्षी टेबलावर आहे त्याविषयी थोडं. मी भिगवणला चार वर्षं नोकरी केली. उजनीचं पाणी तिथून हाकेवर. थंडीत हजारोंनी रोहित, ज्यांना अग्निपंखही म्हणतात, त्या पाण्यात उतरतात. लांबलांबून माणसं कुंभारगावला येऊन होडीतून बघतात. आणि मी चार वर्षांत एकदाही बघितले नाहीत, कारण सीझनला पीककर्जाची प्रकरणं असायची. निवृत्तीनंतर भाडं देऊन, होडीत बसून बघितले, एखाद्या पाहुण्यासारखे. मग तो पक्षी लाकडात करायचा हट्ट धरला. त्याचे पाय म्हणजे दोन काड्या आणि वर एवढा थोरला देह. नरसिंहपूरचा धडा इथं कामी आला, रेशे पायांच्या दिशेनं उभे घेतले. लाकूड पेरूचं, इंदापुराकडच्या एका बागेत जुनी झाडं काढली तेव्हा मागून आणलेलं, दोन वर्षं सावलीत वाळवलेलं. अंगाला घट्ट आणि गुळगुळीत असतं. बाभळीनं मात्र मला हरवलं. आपल्याकडे बैलगाडीला बाभूळ वापरायचे ते उगाच नाही. एका इंचाला एक पातं खाते आणि वर धूर काढते.

आता पळसदेवच्या पाटीवर येतो. सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, मला दिसतंय.

आपल्या बी विंगमधले गुरुजी तुम्हा सगळ्यांना आठवत असतील. गेल्या वर्षी ते गेले. गुरुजी मूळचे पळसदेवचे, म्हणजे जुन्या पळसदेवचे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, पण त्याच्या आधीच पाणी चढायला लागलं होतं आणि भीमाकाठची गावं उठली. पळसदेव वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या अंगाला आलं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, आणि पळसनाथाचं हेमाडपंती देऊळही. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की ते देऊळ पुन्हा उघडं पडतं, पेपरात फोटो येतात, लोक बघायला जातात. गुरुजी त्या वेळी तिशीत होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी स्वतःचं धाब्याचं घर उतरवलं, तुळया आणि दारं बैलगाडीत घातली.

२०१९ च्या श्रावणात एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. धोतराच्या फडक्यात एक फळी गुंडाळलेली. दोन फूट लांब, दहा इंच रुंद. त्यांच्या घरातल्या फडताळाची शेवटची फळी. बाकीचं लाकूड नव्या घराला लागलं, काही वाळवीनं खाल्लं. गुरुजी म्हणाले, “साहेब, याच्यावर आमचं देऊळ काढा. फोटोतलं नको, तो पाण्यानं खाल्लेला आहे. मी सांगतो तसं.” त्यांनी आलेखाच्या कागदावर काढूनही आणलं होतं. डावीकडे एक लिंबाचं झाड, खाली घाट, मागं नदी लांबपर्यंत. मी म्हटलं, फोटोत झाड नाही. ते म्हणाले, “पाण्यात लिंब राहतो होय?”

मी अकरा दिवस लावले. ६३ भोकं पाडली, कारण जाळीतला प्रत्येक आतला तुकडा कापायला पातं आधी भोकातून ओवावं लागतं, मग वरून खालून आवळायचं. आवळल्यावर बोटानं छेडून बघायचं, तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजलं की ताण बरोबर. तिसऱ्या दिवशी पातं कच्चकन तुटलं. दुसरं घातलं, तिथंच तुटलं. बघतो तर आत लोहाराचा घडीव चौकोनी खिळा, फळीच्या पोटात दडलेला. तो हळूच कोरून काढला आणि गुरुजींना नेऊन दिला. त्यांनी तो खिशात घातला, काही बोलले नाहीत.

अकराव्या दिवशी शिखर राहिलं होतं. सहा वाजून गेले होते, म्हणजे माझी सभेनं दिलेली वेळ संपली होती. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कळसाच्या वळणावर टक् असा आवाज झाला आणि कळस गेला.

मी नदी लांबपर्यंत दाखवायची म्हणून फळी आडवी धरली होती. रेशे आडवे आणि कळस उभा. नरसिंहपूरला जे तीनदा मोडलं होतं तेच, अगदी तेच. सहा वर्षांपूर्वी शिकलेलं, पोरांना शिकवलेलं, आणि स्वतः विसरलो. साध्या लाकडावर झालं असतं तर दुसरी फळी घेतली असती. ही फळी दुसरी कुठून आणणार? त्या घराचं लाकूड पृथ्वीवर तेवढंच उरलं होतं आणि ते माझ्याकडे विश्वासानं ठेवलं होतं.

त्यानंतरचं सांगायला मला आजही बरं वाटत नाही. बँकेत कॅशियरला पहिल्या दिवशी शिकवतात, कॅश शॉर्ट आली तर त्याच संध्याकाळी सांगायचं, उद्यावर ढकलायचं नाही. मी ज्युनियर पोरांना यावरून मेमो दिले आहेत. आणि मी तीन दिवस गुरुजींना सांगितलं की पाती संपली आहेत, भाच्याकडून अमेरिकेहून यायची आहेत. ते रोज विचारायचे नाहीत, पण खोलीवरून जाताना चाल मंद करायचे.

चौथ्या दिवशी मी पाटी घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि पुढ्यात ठेवली. पाती होती, हेही सांगितलं. गुरुजींनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “कळस सगळ्यात शेवटी बुडाला होता, साहेब. रोज सकाळी येऊन बघायचो किती उरलाय. इथं तुम्ही पहिला घालवलात.” ते रागानं म्हणाले की कसं, मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाले, “तुकडा कुठाय?”

तुकडा भुशात होता. अकरा दिवसांचा भुसा खाली पोत्यात भरलेला. मी म्हटलं, नखाएवढा आहे, नाही सापडायचा, मी उरलेल्या पट्टीतून उभ्या रेशाचा नवा कापतो, जास्त टिकेल. ते म्हणाले, “नवा नको.” मग आमच्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळण नेली, तोंडाला रुमाल बांधले, आणि आम्ही दोन म्हाताऱ्यांनी मीटर रूमशेजारी बसून ते पोतं चाळलं. लाइट गेली तेव्हा मोबाईलच्या उजेडात चाळलं. त्या वेळी जिन्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, काका, सोनं हरवलं का? तो इथं समोर बसलाय, हसतोय. टिंबं बरीच सापडली, जुन्या शिंद्यांची, लोंढ्यांची. साडेआठ वाजता कळस सापडला.

चिकटवला. फेविकॉल सगळ्यांच्या घरी असतो तोच. जोड दिसतो, केसासारखी काळी रेघ आहे. मी त्यावर भुसा आणि सरसाची लुगदी भरून, घासून ती झाकणार होतो. गुरुजींनी झाकू दिली नाही. वर फक्त जवसाचं तेल लावलं. इथं एक सूचना मुलांच्या पालकांना: जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवायचं, मग टाकायचं. आणि कापताना तोंडाला मास्क लावायचाच, बारीक भुसा फुप्फुसात जातो. मी पहिली पाच वर्षं लावला नाही. माझा सकाळचा खोकला तुम्हाला ऐकू येतोच.

गुरुजींच्या हॉलमध्ये ती पाटी चार वर्षं होती. पाहुणा आला की ते नातवाला बोलवायचे आणि त्यानं सांगायचं, हे झाड, हा घाट, हा कळस, आणि ही रेघ आपल्या शेजारच्या आजोबांची. ते घर आता बंद असतं. मुलगा पुण्याला आहे. आजच्या प्रदर्शनासाठी मी फोन केला, तर तो स्वतः गाडी काढून पाटी घेऊन आला आहे, आणि संध्याकाळी परत नेणार आहे. खिळाही आणलाय त्यानं, पाटीच्या मागं एका बारीक कापडी पिशवीत बांधलेला असतो. मला हे माहीत नव्हतं. आज सकाळी कळलं.

त्या फळीची चार बोटं रुंदीची पट्टी माझ्या खणात अजून आहे. गुरुजींच्या नातवानं तिचं काय करायचं ते ठरवायचं आहे. तो सध्या दहावीत आहे, तेव्हा घाई नाही.

मागच्या टेबलावर सगळं मांडलेलं आहे. विकायचं काहीही नाही, किंमत विचारू नका. कुणाला काही आवडलं तर वहीत नाव लिहा, क्रमानं करून देईन. सध्या यादी पुढच्या पाडव्यापर्यंत भरली आहे. मुलांनी नकाशा खुशाल जुळवावा. पळसदेवच्या पाटीला हात लावला तरी चालेल, गुरुजींचा मुलगा जवळ उभा आहे, तो दाखवेल. रोहिताच्या पायांना मात्र कुणी हात लावू नका.